बायकोविरुद्ध उभा राहिलेला स्टेशनमास्तर

अर्न टॉलिडे दोनदा आमदारकीला उभा राहिला आणि दोनदा पडला. पहिल्यांदा एकवीसशे चाळीस मतांनी, दुसऱ्यांदा सहाशे अकरा मतांनी. दुसरा आकडा सांगताना त्याची छाती फुगायची. मधली पंधराशे मतं आपण तीन वर्षांत केवळ गळ्याच्या जोरावर ओढली, असं तो क्लबात सांगत असे, आणि तिसऱ्या खेपेला उरलेली सहाशे अकरा आपोआप येतील याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

गळा खरंच दांडगा होता. वाराबिनचा तो स्टेशनमास्तर. मेलबर्नची गाडी दुपारी साडेचारला फलाटाला लागली, की पुढच्या सगळ्या स्टेशनांची नावं अर्न खड्या आवाजात म्हणायचा, आणि ती रुळांपलीकडच्या गव्हाच्या कोठारांवर आदळून परत यायची. रेल्वे युनियनचा तो सेक्रेटरी होता, पक्षाच्या शाखेतही सगळ्यांत जास्त तोच बोलायचा. मॅलीच्या त्या कोरड्या सपाट मुलखात आपल्याइतकं राजकारण दुसऱ्या कुणाला कळत नाही, असं त्याला मनापासून वाटे.

त्याची बायको ऊना गावची सिस्टर. बावीस वर्षं ती आपली छोटी पांढरी गाडी घेऊन शेताशेतांवर जात होती. कुणाची जखम बांध, कुणाचं बाळ वजन कर, कुणी म्हातारा शेवटच्या घटका मोजत असेल तर त्याच्या उशाशी बस. बोलायची कमी. शाखेच्या बैठकीला ती यायची ती चहासाठी. हॉलमधला चहाचा मोठा बंब फार लहरी होता आणि तिच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे.

तिसऱ्या निवडणुकीचा उमेदवार ठरवायला मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी तेरा माणसं हॉलमध्ये जमली. अर्नने नवा टाय लावला होता. भाषण खिशात होतं. अध्यक्षांनी नावं मागवली, तेव्हा त्याने नम्रपणे जमिनीकडे पाहायला सुरुवात केली.

व्हिन्स कोराडी उठला. व्हिन्स द्राक्षबागायतदार, मनुका वाळवणारा, अर्नचा वीस वर्षांचा मित्र. दोघं मिळून मरी नदीत मासे धरायला जात.

"मी ऊनाचं नाव सुचवतो," व्हिन्स म्हणाला.

"कोण ऊना?" अर्नने विचारलं. गावात एकच ऊना होती, आणि ती त्या वेळी बंबाची तोटी घट्ट करत होती.

"रागावू नकोस अर्न. तू दोनदा पडलास, तिसऱ्यांदाही पडशील. गेल्या खेपेला मी आमच्या रस्त्यावर तुझी पत्रकं वाटली. लोक काय म्हणाले माहीत आहे? 'हा सिस्टरचा नवरा ना? मग सिस्टरच का उभी राहत नाही?' अकरा घरांत हेच."

"अकरा?"

"तेरा. तुला वाईट वाटेल म्हणून दोन सोडली."

ऊना हात पुसत पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "व्हिन्स, डोकं ठिकाणावर आहे का? मला भाषण येत नाही."

"नकोच करूस," मागून पेत्शेलबाई म्हणाल्या. ऐंशी वर्षांच्या त्या विधवा शेतकरीण, शाखेतल्या सगळ्यांत जुन्या. "भाषणं आम्ही पोटभर ऐकली."

लोक हसले. ऊना हसली नाही. तिने अर्नकडे पाहिलं. "तू सांग."

अर्नने 'नको' म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. पण तेरा माणसांदेखत बायकोला मागे खेचणारा नवरा म्हणून दिसायची त्याला लाज वाटली, आणि शिवाय तिला फार तर दोन मतं पडतील असा त्याचा हिशेब होता. तो मोठ्या मनाने हसला. "घे की. लोकशाही आहे."

चिठ्ठ्या टाकल्या. ऊनाला नऊ, अर्नला चार.

घरी जाताना गाडीत तो ती चार मतं बोटांवर मोजत राहिला. एक त्याचं स्वतःचं. दोन रेल्वेतल्या पोरांची. एक शाळेच्या हेडमास्तरांचं. चार झाली.

"तू कुणाला दिलंस?" त्याने विचारलं.

"मला."

"स्वतःला?"

"तू म्हणालास ना, घे की." ऊनाने गाडी थांबवली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. "तुला नको असेल तर आत्ता सांग. मी इथूनच परत फिरते आणि त्यांना नाही म्हणते."

"मला कशाला नको असेल? आनंदच आहे."

खिशातलं भाषण त्याने दुसऱ्या दिवशी चुलीत घातलं.

प्रचाराला गाडी त्यानेच चालवली. मतदारसंघ अफाट, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला चार तास. तो तिला शिकवायचा: फाटकाशी थांबायचं, नाव सांगायचं, पाण्याचा प्रश्न काढायचा, मग गव्हाचा भाव, मग रेल्वे. पहिल्या शेतावर त्याने स्वतःच सुरुवात करून दाखवली. पाण्यापर्यंत पोचलाही नव्हता, तोच घरातून पिठाच्या हातांची एक बाई धावत आली. "अगं बाई, सिस्टर! आत या ना! आमच्या डेरिलचा हात बघा, तुम्ही बांधलेला तोच, आता मेंढ्या कातरतो त्या हाताने!" ऊना आत गेली. अर्न पाऊण तास गाडीत घरच्या कुत्र्याशेजारी बसून राहिला. पाण्याचा, गव्हाचा, रेल्वेचा एक शब्द निघाला नाही, आणि बाहेर येताना बाई म्हणाली, "आमच्या घरात पाच मतं आहेत."

असं दिवसातून आठ-आठ वेळा. तो मुद्दे पाठ करून दमायचा आणि ती केक खाऊन मतं आणायची. कधी एखाद्या घरातून त्यालाही आत बोलवत, आणि तो दाराशी आला की विचारत, "तुम्ही ड्रायव्हर का?"

ऊना त्र्याण्णव मतांनी निवडून आली. हेडली स्टॅनबरी पडला. स्टॅनबरी म्हणजे नऊ हजार एकरांचा धनी, अर्नला दोन्ही वेळा पाडणारा तोच. त्याला धूळ चारायचं स्वप्न अर्नने सहा वर्षं उराशी धरलं होतं, आणि आता ते पुरं झालं होतं, पण भलत्याच माणसाच्या हातून. साप्ताहिकात फोटो आला. ऊना मध्ये, व्हिन्स शेजारी, अर्नचा अर्धा कान. खाली लिहिलं होतं: 'नवनिर्वाचित आमदार श्रीमती टॉलिडे. सोबत पती अर्ल.'

"अर्ल!" अर्नने पेपर आपटला. "वीस वर्षं त्या संपादकाची पार्सलं मी उतरवून घेतोय!"

"फोन करून सांगते मी त्याला," ऊना म्हणाली.

"तू नको सांगूस!" तो इतक्या जोराने ओरडला की कुत्रं टेबलाखाली गेलं.

विधानसभेचं काम असलं की ऊना सोमवारी सकाळच्या गाडीने मेलबर्नला जाई. आता ही गाडी सोडणार कोण, तर स्टेशनमास्तर. म्हणजे अर्न. युनिफॉर्म घालून, हिरवी झेंडी हातात धरून, जी जागा आपली असायला हवी होती तिच्याकडे आपल्याच बायकोला तो दर आठवड्याला रवाना करायचा. ती खिडकीतून म्हणायची, "कोंबडी भाजून ठेवली आहे, दोन दिवस पुरेल." तो शिट्टी वाजवायचा. एका सोमवारी त्याने गाडी चार मिनिटं उगाच रोखून धरली. सिग्नल बघितला, डबा बघितला, घड्याळ बघितलं. काही कारण नव्हतं. आपण सोडल्याशिवाय ती जाऊ शकत नाही, एवढंच त्याला जरा अनुभवायचं होतं.

तिच्या पहिल्या भाषणाला तो प्रेक्षकांच्या सज्जात बसला होता. खाली गडद हिरव्या गाद्यांच्या बाकांवर त्याने स्वतःला इतक्यांदा बसवून पाहिलं होतं, की तिला तिथे पाहून आपल्या खुर्चीत परकं माणूस बसल्यासारखं त्याला वाटलं. ऊना उठली. आवाज बारीक. दुसऱ्याच मिनिटाला तिचा एक कागद घसरून खाली गेला आणि ती थांबली. समोरच्या बाकावरून कुणीतरी खाकरलं.

आणि अर्नच्या छातीत ऊब पसरली. गोड, दाट ऊब. त्याने ती ओळखली आणि तो स्वतःच दचकला. तिची फजिती होतेय आणि आपल्याला बरं वाटतंय, हे त्याला कळलं. कळूनही ते थांबेना.

ऊनाने कागद उचललाच नाही. उरलेले मिटून ठेवले आणि ती बोलू लागली, जशी घरात बोलायची तशीच. ऐन उन्हाळ्यात एका बाळंतिणीला पंचाऐंशी मैल नेताना गाडीचं टायर फुटलं, मूल रस्त्याकडेला निलगिरीच्या सावलीत झालं, आणि तो मुलगा आता शाळेत जातो. पण त्याच्यामागून आलेली दोन मुलं शाळेत जात नाहीत, कारण ती जगली नाहीत. सभागृहात कुणी हललं नाही. तिचं संपल्यावर विरोधी बाकांवरची माणसंही तिचा हात हातात घ्यायला उठली.

अर्न खाली भेटायला थांबला नाही. स्टेशनसमोर उभ्या उभ्या त्याने मांसाचं सारण भरलेली एक भाजकी करंजी खाल्ली. ती गार होती, आणि पैसे देताना त्याने दुकानातल्या पोराशी हुज्जत घातली.

त्याच वर्षी सोनेरी कडांचं एक आमंत्रण घरी आलं: 'सन्माननीय सदस्यांच्या पत्नींसाठी मेजवानी.' ऊना म्हणाली, जाऊ नकोस. म्हणूनच तो गेला. बावीस बायका आणि तो. त्याच्यासमोर काकडीची सँडविचं आली. शेजारच्या बाईने त्याला विचारलं, पडदे कुठून घेता, आणि निघताना यजमानीणबाईंनी प्रत्येकीला एक चिनीमातीचा गुलाब दिला, मागे टाचणी असलेला. त्यालाही दिला. वाराबिनच्या क्लबात त्याने ही गोष्ट हसण्यावारी सांगितली. लोकांनी टेबलं बडवली. तो सगळ्यांच्या आधी हसणं थांबवून उठून गेला.

तिसरं वर्ष लागलं आणि बातमी आली: वाराबिनची प्रवासी गाडी बंद होणार. मालगाड्या चालू, बाकी सगळ्याला कुलूप. सरकार ऊनाच्याच पक्षाचं. ती मंत्र्यांना भेटली, पक्षाच्या बैठकीत भांडली, सत्तावीसशे सह्यांचा अर्ज नेला. हाती लागलं ते एवढंच, की गाडीऐवजी बस आणि गावच्या दवाखान्यात एक कायमचा डॉक्टर. स्टेशनच्या फलाटावर शेवटच्या दिवशी अर्नने स्टेशनांची नावं घेतली. सगळं गाव गोळा झालं होतं. बायका रडल्या. त्या एका दुपारी सगळे फक्त त्याच्याकडे पाहत होते, आणि ते त्याला भलतंच मानवलं.

पुढच्याच गुरुवारी तो छापखान्यातून घरी आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने एक गठ्ठा ठेवला. वर जाड अक्षरं: 'आपली गाडी परत आणा. अर्न टॉलिडे, अपक्ष.'

ऊना बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली. "माझ्याविरुद्ध?"

"तुझ्याविरुद्ध नाही. गाडीसाठी."

"गाडीसाठी असतं तर आधी मला विचारलं असतंस. तू छापून आलास."

"तू विचारलं होतंस, त्या हॉलमध्ये?"

"विचारलं होतं, अर्न. तेरा माणसांसमोर विचारलं, मग गाडी थांबवून विचारलं." तिचा आवाज चढला नाही, पण मानेची शीर दिसत होती. "तीन वर्षं मी तुझ्या कपाळाच्या आठ्या मोजते आहे. कुणी मला चांगलं म्हटलं की तू खोलीतून उठतोस. एकदा तरी सरळ भांड ना माझ्याशी!"

"हेच ते सरळ भांडण," गठ्ठ्यावर हात आपटून अर्न म्हणाला.

मग सहा आठवडे एका घरात दोन उमेदवार राहिले. बैठकीच्या खोलीत तिची पोस्टरं, व्हरांड्यात त्याची. सकाळी दोघं एकाच किटलीतला चहा पीत आणि दोन दिशांना जात. ती गाडीने, तो सायकलने. गावाला ही पर्वणीच होती. क्लबात कुणी विचारे, "काय अर्न, आज घरात काय? चर्चा की मतदान?" दुसरा म्हणे, "पलंगावर सीमारेषा आखली का रे?" अर्न तोऱ्यात असायचा. लोक पुन्हा त्याचं भाषण ऐकायला थांबत होते. ते हसायला थांबतात की ऐकायला, हे त्याने फारसं तपासलं नाही.

प्रश्न आला तो पत्रकाचा. तिथल्या रिवाजाप्रमाणे मतदार एकाच नावापुढे खूण करून मोकळा होत नाही. सगळ्या उमेदवारांना पसंतीचे नंबर द्यावे लागतात. सगळ्यांत कमी मतांचा उमेदवार बाद झाला की त्याच्या चिठ्ठ्यांवरचा दुसरा नंबर बघतात आणि त्या चिठ्ठ्या त्या माणसाला देतात. म्हणून प्रत्येक उमेदवार आपल्या लोकांना पत्रकावर नंबर छापून देतो. उमेदवार तीन होते: अर्न, ऊना, स्टॅनबरी. पहिला नंबर अर्नचा, हे उघडच होतं. दुसरा कुणाला?

छापखानेवाल्याने चष्मा वर केला. "नक्की ना? स्टॅनबरी दोन आणि सिस्टर तीन?"

"लिहिलंय ना तसं."

"नाही, म्हटलं हात चुकला असेल."

"हात चुकलेला नाही."

पत्रक ऊनाच्या हातात दोन दिवसांनी पडलं. ती ते उभ्यानेच वाचत राहिली. वाचायला होते तीन आकडे. "तिसरी, अर्न?" एवढंच ती म्हणाली. पत्रकाची घडी करून तिने पर्समध्ये ठेवली आणि ती कामाला निघून गेली. ती रडली असती, तिने भांडं फेकलं असतं, तर त्याला जिंकल्यासारखं वाटलं असतं.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या आवारात ऊन भाजून काढत होतं. पालक-संघाची माणसं सॉसेज भाजत होती, केकचं दुकान होतं. फाटकाच्या एका बाजूला ऊना पत्रकं वाटत होती, दुसऱ्या बाजूला अर्न. मध्ये वीस पावलं. पेत्शेलबाई काठी टेकत आल्या, त्यांनी अर्नचं पत्रक घेतलं, डोळ्यांजवळ धरलं, आणि त्याच्या छातीवर परत टेकवलं.

"पहिला नंबर तुला देते. मला माझ्या बहिणीकडे जायला ती गाडी हवी आहे. पण दुसरा तुझ्या सांगण्यावरून द्यायचा नाही मला. लाज वाटायला हवी तुला."

"राजकारण आहे बाई ते."

"राजकारण नाही. पोटदुखी आहे."

थोड्या वेळाने अर्न स्वतः मत द्यायला आत गेला. पुठ्ठ्याच्या आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल होती. त्याने आपल्यापुढे एक लिहिलं. मग तो बराच वेळ थांबला. मागच्या माणसाने खोकून दाखवलं. स्वतःच्या पत्रकाशी तरी बेइमानी नको, असं मनाशी घोकत त्याने स्टॅनबरीपुढे दोन लिहिलं आणि ऊनापुढे तीन. चिठ्ठी दोनदा दुमडून त्याने पेटीत टाकली.

पहिल्या मोजणीत स्टॅनबरीला अकरा हजार दोनशे चार. ऊनाला दहा हजार नऊशे सत्त्याऐंशी. अर्नला चारशे अठरा. अर्न बाद. आता सगळा निकाल त्याच्या चारशे अठरा चिठ्ठ्यांच्या दुसऱ्या नंबरावर लटकला. स्टॅनबरीला त्यातल्या एकशे एक पुरणार होत्या.

गुरुवारी कोर्टाच्या खोलीत त्या चिठ्ठ्या उघडल्या. उमेदवार म्हणून अर्नला समोर बसायचा हक्क होता. ऊना आली नव्हती. तिच्या वतीने व्हिन्स बसला होता. गेले सहा आठवडे तो अर्नशी बोलला नव्हता.

निवडणूक अधिकारी एकेक चिठ्ठी उचलून मोठ्याने वाचू लागला. "टॉलिडे, ऊना. टॉलिडे, ऊना. स्टॅनबरी. टॉलिडे, ऊना. टॉलिडे, ऊना. टॉलिडे, ऊना..."

अर्नला आधी वाटलं, हा एकाच ढिगातून उचलतोय. मग पन्नास झाल्या, शंभर झाल्या. रेल्वेतली पोरं, ज्यांना त्याने स्वतः पत्रकं दिली होती, शपथेवर मान डोलावणारी माणसं; सगळ्यांनी त्याला एक नंबर दिला होता आणि दोन नंबर तिला. त्याचा राग त्यांनी घेतलाच नव्हता. गाडीचा मुद्दा तेवढा घेतला, बाकी बाजूला ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बळावर मिळालेली चारशे अठरा मतं, आणि त्यांच्या पोटातसुद्धा तीच बसलेली. ही मतंसुद्धा तिचीच निघाली.

"तीनशे एकतीस श्रीमती टॉलिडे," अधिकारी म्हणाला. "सत्त्याऐंशी श्री. स्टॅनबरी. श्रीमती टॉलिडे सत्तावीस मतांनी विजयी."

व्हिन्स टेबलावरून पुढे झुकला. "सत्त्याऐंशी माणसांनी तुझं ऐकलं रे."

अर्नने टोपी उचलली. त्या सत्त्याऐंशीत एक तो स्वतः होता.

पण खरी गंमत पुढेच झाली. मेलबर्नच्या पेपरांनी नुसते आकडे पाहिले, पत्रक नाही, आणि वेगळाच अर्थ लावला: गाडीवरून चिडलेली मतं स्टॅनबरीकडे जाऊ नयेत म्हणून आमदारबाईंनी नवऱ्याला मुद्दाम उभं केलं, त्याने ती मतं गोळा केली आणि मागच्या दाराने बायकोला पोचवली. 'वाराबिनच्या जोडप्याची बेमालूम खेळी.' पक्षाच्या मुख्य कचेरीतून अर्नला फोन आला. "टॉलिडे, काय डोकं लढवलंस रे! आम्हाला कुणाला सुचलं नसतं." दोनदा पडला तेव्हा या माणसाने त्याचा फोनही घेतला नव्हता.

अर्न म्हणाला, "ते... करावं लागतं."

फोन ठेवल्यावर त्याने सावकाश मागे पाहिलं. ऊना दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिची पर्स खुंटीला लटकत होती. ते पत्रक अजून त्यात असणार, हे दोघांनाही माहीत होतं. ती वाळत घातलेले कपडे आणायला गेली.

महिनाभर अर्न मोठा मुत्सद्दी म्हणून मिरवला. क्लबात नवे लोक त्याला बिअर पाजत, तो डोळा मारत असे. गावातल्या जुन्या लोकांना खरं माहीत होतं. ते गप्प बसत. पण त्याला आत काहीतरी कुरतडत होतं. ऊनाने तोंड उघडलं असतं तर तो एका दिवसात उघडा पडला असता. ती उघडत नव्हती. इतकं मन मोठं असणं म्हणजे त्याला तिच्या आमदारकीपेक्षाही जास्त टोचणारी गोष्ट होती. बोलण्यात तिने मागे टाकलं, मतांत टाकलं, आणि आता यातही.

जूनमध्ये, तिकडचा हिवाळा लागता लागता, हॉलात पक्षाचा आभाराचा कार्यक्रम झाला. एक मंत्री आले होते. त्यांनी आपल्या भाषणात 'या विजयाचा खरा शिल्पकार' म्हणून अर्नचं नाव घेतलं आणि टाळ्या वाजवल्या. अर्न उठला. त्याने गळा साफ केला. सवयीने सगळे मागे रेलून बसले.

"पत्रकावर मी तिला तिसरी ठेवली होती," अर्न म्हणाला. "स्टॅनबरी दुसरा. डाव वगैरे काही नव्हता. मला ती पडायला हवी होती." त्याचा तो कोठारांवर आदळणारा आवाज खाली आला होता, शेवटच्या रांगेने कान पुढे केले. "मी स्वतः तसंच मत दिलं. लोकांनी माझं ऐकलं नाही म्हणून ती निवडून आली. एवढंच."

तो बसला. मंत्र्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. पेत्शेलबाई मोठ्याने म्हणाल्या, "आजवरचं सगळ्यांत छोटं भाषण," आणि कुणीतरी हसलं, मग चहा आला.

घरी जाताना गाडी ऊना चालवत होती. "पेटीत टाकलेलं मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पत्रक छापलंस, पण आत जाऊन तरी हात वळणार नाही असं वाटलं होतं."

"वळला."

तिने गिअर बदलला. "मी त्या मोजणीच्या दिवशी घरी बसून होते ना, तेव्हा तुझी मतं फार कमी पडू नयेत असं मला वाटत होतं. लाजेपुरती तरी पडू देत. मूर्खासारखं."

"आणि आता?"

"आता राग आला आहे. बरेच दिवस राहील. मला राहू दे."

राग राहिला. हिवाळा संपेपर्यंत ती त्याच्याशी कामापुरतं बोलली, आणि अर्नने ते निमूट सोसलं. मग एका सोमवारी बस चुकली म्हणून त्याने तिला मेलबर्नला पोचवलं, आणि तेव्हापासून तोच पोचवू लागला. व्हिन्सही वसंतात मासे धरायचा गळ घेऊन दाराशी आला आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाला, "येतोस का?"

ऊना आणखी दोनदा निवडून आली. अर्नचा मत्सर गेला असं सांगितलं तर ते खोटं होईल. कुणी तिची तारीफ केली की त्याचा जबडा अजून आवळायचा. फरक एवढाच, की तो खोलीतून उठत नसे. कधी तर तोंडाने सांगून टाकायचा, "ऊना, आज फार जळलो तुझ्यावर," आणि ती म्हणायची, "कशाबद्दल?" आणि तो खरं ते सांगायचा. शेवटी ती पडली तेव्हा तो भाजलेल्या कोंबडीसमोर बसून मनात ती जुनी ऊब येते का याची वाट पाहत राहिला. आली, थोडीशी. ते त्याने तिला सांगितलं. तिने त्याला फडकं फेकून मारलं.

सहासष्टाव्या वर्षी अर्न गावच्या कौन्सिलला उभा राहिला. अर्ज भरायची मुदत संपली, तेव्हा त्याच्या वॉर्डात दुसऱ्या कुणाचा अर्जच नव्हता. बिनविरोध. म्हणजे निवडून आला तेव्हाही एकाही माणसाने त्याला मत दिलं नाही. पहिल्या बैठकीत पोहण्याचा तलाव सकाळी किती वाजता उघडावा हा विषय होता. अर्न त्यावर अकरा मिनिटं बोलला. प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर एकटी ऊना होती, आणि तिसऱ्या मिनिटाला तिची मान छातीवर कलली. अर्नने ते पाहिलं, आवाज किंचित खाली घेतला, आणि उरलेलं भाषण पूर्ण केलं. तलाव तेव्हापासून सहाला उघडतो.